बीड शहराची वाढ : पांढरी, इनाम आणि नकाशांतील रंग

एखाद्या शहरांत घरें कोठें उठावीं आणि कोठें उठूं नयेत हें कोण ठरवितें, असा प्रश्न विचारला असतां आज बहुतेक लोक नगरपरिषदेच्या कचेरींतील विकास योजनेच्या नकाशाकडे बोट दाखवितील. त्या नकाशांत राहत्या वस्तीस पिवळा, शेतीस हिरवा, व्यापारास निळा व कारखान्यांस जांभळा असे रंग दिलेले असतात. आणि हिरव्याचें पिवळें झालें कीं त्या जागीं घरें उभीं राहतील, अशी समजूत सर्वत्र दृढ झालेली आहे. गेल्या दहाबारा वर्षांत महाराष्ट्रांत या रंगांचे नियम पुष्कळच सैल करण्यांत आले. त्याचा बीडसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीं घरबांधणीवर काय परिणाम झाला हें पाहूं गेल्यास मात्र हा नकाशा पुरत नाहीं. त्याच्या खालीं दुसरे दोन जुने कागद आहेत : एक मोजणीचा आणि दुसरा दानाचा. बीडांत घर बांधणाऱ्याची शेवटीं गांठ पडते ती त्यांच्याशीं.

वस्ती आणि शेती यांच्या जागा निराळ्या ठेवण्याची कल्पना परदेशांतून आली असें मानण्याचें कारण नाहीं. आपल्याकडील प्रत्येक गांवास पांढरी आणि काळी असे दोन भाग पूर्वापार आहेत. पांढरींत घरें व काळींत पिकें. पांढरीभोंवतीं गांवकूस, कुसास वेस आणि वेशीबाहेर शिवार, ही मांडणी इतकी मुरलेली होती कीं जुन्या कागदपत्रांत ‘समस्त पांढरी’ म्हणजे गांवांतील सर्व रहिवासी असाच अर्थ होतो. पुढें मोजणीखात्यानें याच पांढरीस गांवठाण म्हणून नकाशावर बसविलें आणि काळीस सर्व्हे नंबर दिले. गांवठाणांतील घरास शेतसारा नाहीं; शेतांत घर बांधावयाचें तर सरकारची अनुज्ञा पाहिजे. आजची अकृषिक परवानगी, जिला लोक नुसतें ‘एन. ए.’ म्हणतात, ती याच भेदावर उभी आहे.

बीड हें नुसतें गांव नव्हतें. तो बिंदुसरेच्या कांठचा तटबंदीचा कसबा होता. कोतवाली वेस, माळीवेस, राजुरी वेस हीं नांवें अजून लोकांच्या तोंडीं आहेत. धोंडीपुरा, बुंदेलपुरा, मोमीनपुरा, बशीरगंज, पेठ बीड या वस्त्या जुन्या आखणीची साक्ष देतात. ही आखणी आजच्या आखणीहून मुळांतच भिन्न होती, आणि हा भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. पुरा हा माणसांचा असे. विणकरांचा, माळ्यांचा, शिपायांचा. परंतु त्या पुऱ्यांत एकाच वाड्यांत खालीं दुकान अथवा माग, वर बिऱ्हाड आणि मागें गोठा, असा सर्व व्यवहार एकत्र चाले. म्हणजे जुन्या नगरानें माणसें वेगळीं केलीं व व्यवहार मिसळूं दिले. नवी नगररचना व्यवहार वेगळे करते व माणसें मिसळतील अशी अपेक्षा बाळगते. ती अपेक्षा कितपत फळास आली हें आजच्या वसाहतींच्या नांवांवरून वाचकानेंच ठरवावें.

याच जिल्ह्यांत निराळ्या तऱ्हेची आखणी पाहावयाची असेल तर अंबाजोगाईस जावें. निजामी अमलांत मोमिनाबाद या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या ठिकाणीं हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. छावणीची सर्वसाधारण रीत अशी कीं रस्ते सरळ, बंगल्याभोंवतीं मोकळी जागा, बाजार एका अंगास आणि कसब्याशीं फारसा संबंध नाहीं. कंटिंजंट १९०३ सालीं हिंदी फौजेंत विलीन झालें. जागेच्या वापराचे नियम सरकारी हुकुमानें ठरविण्याचा या मुलुखांतील आरंभ शोधूं गेल्यास तो नगरपरिषदेच्या दप्तरांत नव्हे, अशा छावण्यांत शोधावा लागेल.

आतां दुसऱ्या कागदाकडे वळूं. काळी जमीन एका रंगाची कधींच नव्हती. निजामाच्या राज्यांत दिवाणी म्हणजे सरकारी जमीन, सर्फ-इ-खास म्हणजे खुद्द निजामाची, जहागिरीची आणि इनामाची असे भेद होते. इनामांतहि पोटभेद. एखाद्या कुटुंबाच्या निर्वाहासाठीं दिलेली ती मदतमाश; देवळांत, मशिदींत किंवा दर्ग्यांत दिवाबत्ती, झाडलोट, पूजाअर्चा करण्याबद्दल दिलेली ती खिदमतमाश. पहिलींत धनी माणूस. दुसरींत धनी देव किंवा दर्गा, आणि माणूस फक्त चाकर. या हक्काची चौकशी होऊन अतियात खात्याकडून जो निर्णयपत्र मिळे त्यास मुंतखब म्हणत. बांधावर उभें राहून पाहिल्यास मदतमाश कोणती, खिदमतमाश कोणती आणि साध्या रयतेची कोणती हें ओळखूं येणार नाहीं. कागदांत मात्र त्यांचें भवितव्य सर्वस्वीं निराळें आहे.

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें आणि पुढील सातआठ वर्षांत या जमिनींवर कायद्यांची रीघ लागली. १९४९ मध्यें जहागिरी गेल्या, १९५० मध्यें कूळकायदा आला आणि १९५४ च्या कायद्यानें इनामें व रोख अनुदानें रद्द झालीं. परंतु धार्मिक व धर्मादाय संस्थांचीं इनामें त्या कायद्यानें वगळलीं. गांवकामगारांच्या सेवेचीं इनामेंहि वगळलीं. जीं रद्द झालीं त्यांपैकीं पुष्कळ जमिनी कबजेदारांस मिळाल्या त्या अटींवर, म्हणजे ज्यास आज भोगवटादार वर्ग दोन म्हणतात त्या धारणेनें : परवानगीवांचून विक्री नाहीं व वापरांत बदल नाहीं. वक्फ जमिनींचा कायदा तर त्याहून कडक झाला. २०१३ च्या दुरुस्तीनें त्यांची विक्री, दान, अदलाबदल व गहाण हीं स्पष्टपणें निषिद्ध ठरलीं. याच सुमारास, १९५४-५५ सालीं, मराठवाड्यांत कबजेदारांची जी पाहणी झाली तिचें खासरा पत्रक आजहि कोर्टकचेरींत पहिल्या क्रमांकाचा पुरावा म्हणून मागितलें जातें. जमिनीचें क्षेत्र व आकार सेतवारांत, कबजा खासऱ्यांत आणि दानाचा हेतु मुंतखबांत, अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे. भूखंड घेणारा सामान्य मनुष्य यांपैकीं एकहि स्थळ पाहात नाहीं. तो सातबारा पाहतो, आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्याकडे त्याचें लक्ष वेधणें विकणाऱ्याच्या हिताचें नसतें.

रंगांचा कागद या सर्वांच्या मानानें अगदीं अलीकडचा. शहराचे पट्टे पाडून प्रत्येकास निराळे बांधकामाचे नियम लावण्याची पद्धति जर्मनींत फ्रांकफुर्ट येथें १८९१ मध्यें रूढ झाली. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध ठराव १९१६ चा. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा त्याच्या एक वर्ष आधींचा, १९१५ चा, व तो हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा पहिला होय. हैदराबाद शहरांत १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर १९१२ मध्यें नगरसुधार मंडळ स्थापन झालें. पण तें राजधानीपुरतें. बीड १९५६ मध्यें मुंबई राज्यांत आलें आणि पुढें १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा त्यास लागू झाला. या कायद्याप्रमाणें नगरपरिषदेनें आपल्या हद्दीची विकास योजना तयार करावयाची, लोकांच्या हरकती ऐकावयाच्या, राज्य सरकारनें ती मंजूर करावयाची आणि वीस वर्षांच्या अंतरानें तिचा फेरविचार करावयाचा. जुन्या तटाच्या आंतील भागास अशा नकाशांत ‘दाटवस्ती’ म्हणून निराळी रेघ असते. म्हणजे पांढरी येथें नव्या नांवानें परत आली.

मूळ व्यवस्थेंत शेतकऱ्यास दोन दारें ठोठवावीं लागत. विकास योजनेंत जमीन पिवळी असली तरी महसूल अधिनियमाच्या ४४ व्या कलमाखालीं जिल्हाधिकाऱ्याकडून अकृषिक परवानगी निराळी घ्यावी लागे. एकाच गोष्टीस दोन खात्यांची संमति, आणि एकीची दुसरीस खबर नाहीं, ही स्थिति कित्येक वर्षें चालली. सुधारणेचा पहिला हप्ता येथें आला. २०१४ पासूनच्या दुरुस्त्यांनीं महसूल अधिनियमांत ४२ अ पासूनचीं नवीन कलमें घातलीं गेलीं. अंतिम विकास योजनेंत ज्या वापरासाठीं जमीन दाखविली असेल त्या वापरासाठीं निराळी अकृषिक परवानगी नको, केवळ कर भरून सनद घ्यावी, असें ठरलें. गांवठाणाच्या किंवा शहराच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतची जमीन प्रादेशिक योजनेंत अकृषिक वापरासाठीं दर्शविली असल्यास तिलाहि तीच सवलत मिळाली. दुसरा हप्ता डिसेंबर २०२० मधील एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचा. मुंबई व कांहीं थोडीं क्षेत्रें सोडून सर्व राज्यास एकच नियम झाले. नगरपरिषदेच्या क्षेत्रांत दाटवस्तीबाहेर मूळ चटई निर्देशांक १.१० ठरला, त्यावर अधिमूल्य भरून जिने, गच्च्या, सज्जे यांसाठीं राहत्या इमारतींस ६० टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र मिळूं लागलें, आणि १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडावरील घरास परवानगीची रीत अतिशय सुटसुटीत झाली.

या सुधारणा नांवापुरत्या होत्या असें म्हणणें अन्यायाचें होईल. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरानें २०१६ मध्यें राहत्या क्षेत्राच्या सुमारें तीनचतुर्थांश भागावर अधिक दाट घरें बांधण्यास मोकळीक दिली आणि त्यानंतर तेथें बांधकामाच्या परवानग्या स्पष्टपणें वाढल्या. नियम सैल केल्यानें घरें वाढतात हें अशा रीतीनें दिसून आलेलें आहे. परंतु ऑकलंडांत जमिनीचा धनी कोण याविषयीं वाद नाहीं. सरकारी नोंदवहींत नांव असलें कीं हक्क सिद्ध होतो. आपल्याकडील सातबारा हा शेतसाऱ्याच्या वसुलीसाठीं निर्माण झालेला कागद आहे. तो हक्काचा अनुमानपुरता पुरावा होय, अखेरचा नव्हे. तेथें नियमांची कडी निघतांच दार उघडलें. येथें कडीच्या मागें कुलूप आहे.

तें कुलूप कायद्यानेंच दाखवून दिलें आहे. ज्या कलमांनीं अकृषिक परवानगीची अट काढली त्याच कलमांत वर्ग दोनच्या जमिनींसाठीं अपवाद ठेवलेला आहे : तेथें आधीं नजराणा भरला पाहिजे व सक्षम अधिकाऱ्याची संमति पाहिजे. म्हणजे नकाशांत शेजारीशेजारीं असलेल्या दोन पिवळ्या तुकड्यांपैकीं एकास सनद अल्पावधींत मिळते, तर दुसऱ्याचा मालक मुंतखबाची नक्कल शोधीत राहतो. आणि तिसरा तुकडा देवस्थानाचा अथवा वक्फाचा असला तर त्यास रंगाचा कांहींच उपयोग नाहीं. मराठवाड्यांतील मदतमाश जमिनींचा नजराणा बराच उतरविण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२४ मध्यें घेतला. तो रंगांच्या सुधारणेहून बीडला अधिक उपयोगी आहे असें माझें मत आहे. चटई निर्देशांकाची वाढ मात्र येथें फारशी परिणामकारक होणार नाहीं. बीडांत बहुतेक लोक स्वतःच्या भूखंडावर गवंडी लावून एक मजला चढवितात व मुलाच्या लग्नाच्या वेळीं दुसरा. त्यांची अडचण आकाशाकडे नसून जमिनींत आहे.

या अडचणींतून जी वाट निघाली ती गुंठेवारीची. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १०८९ चौरस फूट. साधारण कुटुंबाच्या घरापुरती जागा. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्याचा हेतु शेतीचे निरुपयोगी तुकडे पडूं नयेत हा होता. पण शहराच्या कडेला त्याचा अर्थ एवढाच झाला कीं गुंठ्यानें झालेली विक्री कागदोपत्रीं अर्धवट राहावी. हिशेब पाहण्यासारखा आहे. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. रीतसर आराखडा मंजूर करून घेतल्यास दहावा भाग, म्हणजे ८ गुंठे, खुली जागा सोडावी लागते. नऊ मीटर रुंदीचे रस्ते काढले तर अदमासें २० गुंठे त्यांत जातात. विकावयास उरतात ५२. आराखड्यावांचून बैलगाडी जाईल एवढी वाट सोडून तुकडे पाडले तर सत्तरांच्या आसपास गुंठे विकले जातात, आणि मोजणी, शुल्क व हेलपाटे यांचा खर्च वाचतो. हा जो अठरा गुंठ्यांचा फरक तोच गुंठेवारीचा प्राण. घेणाऱ्यास जागा स्वस्त मिळते. पण गटार नाहीं, रस्त्यावर पाणी, आणि बँकेचें कर्ज मिळत नाहीं कारण गहाण ठेवण्याजोगा कागद नाहीं. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडून सहासहा महिने कोपींत राहून जे कुटुंब गांठीस चार पैसे जमवितें, त्यास परवडणारी शहराजवळची जागा बहुधा हीच.

राज्य सरकारनें गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्यें केला, तो १ जानेवारी २००१ पूर्वींच्या तुकड्यांसाठीं. २०२१ च्या दुरुस्तीनें ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढें नेली. तुकडेबंदीच्या कायद्यांतहि असेंच झालें : १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकानें मंजूर आराखड्यावांचून लहान तुकड्यांची दस्तनोंदणी थांबविण्यांत आली, मे २०२२ मध्यें उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें तें परिपत्रक रद्द ठरविलें, आणि २०२५ मध्यें १५ नोव्हेंबर १९६५ पासून १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे असे व्यवहार शुल्कावांचून नियमित करण्याचें सरकारनें ठरविलें. प्रत्येक क्षमेबरोबर पुढच्या क्षमेची आशा उत्पन्न होते, हा आक्षेप खरा आहे. तथापि ज्यांनीं या क्षमांना विरोध केला त्यांनीं त्या कुटुंबांनीं दुसरें कोठें राहावयास हवें होतें तें क्वचितच सांगितलें.

या बाहेरच्या वाढीची छाया जनगणनेंत पडलेली दिसते. २००१ मध्यें बीड नगरपरिषदेच्या हद्दींत सुमारें १ लक्ष ३८ हजार लोक होते. २०११ मध्यें सुमारें १ लक्ष ४६ हजार ७००. दहा वर्षांत वाढ जेमतेम सहा टक्के. त्याच काळांत जिल्ह्याची लोकसंख्या २१,६१,२५० वरून २५,८५,०४९ वर गेली, म्हणजे सुमारें वीस टक्के. जिल्ह्याचें मुख्य ठिकाण जिल्ह्याहून मंद गतीनें वाढावें हें सहसा घडत नाहीं. कांहीं लोक पुण्यामुंबईकडे गेले हें खरें; पण तें सर्व जिल्ह्यासच लागू आहे. सरळ अनुमान असें निघतें कीं शहर वाढलें तें हद्दीबाहेर, शेजारच्या गांवांच्या काळींत, जेथें नगरपरिषदेचा नकाशा पोंचत नव्हता. सोलापूर-धुळें महामार्गाच्या दोहों बाजूंस उठलेल्या वस्त्या हेंच सांगतात. आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजीं अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाल्यावर ही ओढ कमी होईल असें कोणीहि म्हणणार नाहीं.

एका बाबतींत मात्र नकाशाची रेघ सैल करणें घातक आहे. जुलै १९८९ मध्यें बिंदुसरेस जो पूर आला त्यानें बीड शहरांतील वस्त्या उद्ध्वस्त केल्या व मोठी प्राणहानि झाली. आजच्या नियमांत नदीकांठीं दोन रेषा असतात : सुमारें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी, जिच्या आंत बांधकाम निषिद्ध, आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची तांबडी, जिच्या आंत तें नियंत्रित. नदीकांठची जमीन पुराच्या भयानें स्वस्त, आणि स्वस्त म्हणून तेथें गुंठे लवकर विकले जातात. जुन्या लोकांनीं पांढरी उंचवट्यावर ठेवली होती. गुंठेवारी नियमित करतांना घर कोणाचें आहे हें पाहण्याआधीं तें निळ्या रेषेच्या कोणत्या बाजूस आहे हें पाहिलें पाहिजे. येथें दया दाखवावयाची ती पर्यायी जागा देऊन.

राहतां राहिलें तें काम संशोधकांचें आहे. बीड शहराभोंवतालच्या प्रत्येक सर्व्हे नंबरास सेतवार, खासरा पत्रक आणि असल्यास मुंतखब यांतील नोंदी लावून त्या विकास योजनेच्या पानावर उतरविल्या, तर कोणत्या पिवळ्या जमिनींवर उद्यां घरें उठूं शकतील आणि कोणत्या नुसत्या पिवळ्याच राहतील हें एका दृष्टिक्षेपांत दिसेल. नोंदी उर्दूंत आहेत, मोडींत आहेत, कांहीं फारसींत आहेत. २०२३ मध्यें कुणबी नोंदींच्या शोधासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां मराठवाड्यांतील निजामकालीन दप्तरें गठ्ठे सोडून वाचण्यांत आलीं आणि उर्दू व मोडी जाणणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. त्या वेळीं दृष्टि जातीच्या रकान्यावर होती. जमिनीच्या धारणेचे रकानेहि त्याच दप्तरखान्यांत आहेत, आणि तीं अक्षरें लावणारीं वृद्ध माणसें अद्याप हयात आहेत तोंवर त्यांची सूचि सर्व्हे नंबरवार तयार करतां येईल. आरंभ बीड तालुक्यांतील नगरपरिषदेच्या हद्दीस लागून असलेल्या गांवांपासून करावा.